मदत हवी आहे: आईच्या कपाळावरचा पांढरा डाग झाकायला काय लावू? (नाशिक)

सिडकोवाली
भावाचं लग्न तोंडावर आलंय, रविवारी हळद. आईच्या कपाळावर पांढरा डाग पडलाय, फोटोत तोच आधी दिसतो. फाउंडेशन घामाने तासाभरात उतरतं. मेन रोडची दुकानं पालथी घातली, प्रत्येक जण वेगळंच काढून देतो. आईला शुगर आणि थायरॉइड आहे, त्यामुळे वाटेल ते लावायचं नाही. टिकेल असं काहीतरी सांगा, लवकर.

मेघा_नारोड
डाग नक्की कुठे? केवढा? खाज?

आजीचा_बटवा
बावचीचं तेल लावून कोवळ्या उन्हात बसवा. आमच्या चुलत सासूबाईंचं कोड त्यानेच गेलं. आणि दूध-मासे एकत्र खाणं बंद.

औषधवाला
बावचीत सोरालेन असतं. लावून उन्हात बसलं की कातडी भाजते, फोड येतात. शुगरच्या पेशंटला लग्नाच्या आठवड्यात हा उद्योग सांगू नका. आणि दूध-माशांनी कोड होत नाही.

आजीचा_बटवा
तुम्हाला तुमची क्रीम खपवायची असते.

औषधवाला
बावचीचं तेलही आहे दुकानात. विकतो, पण बजावून विकतो.

सिडकोवाली
भांडू नका ना. खाज आधी यायची, आता नाही. कुठे म्हणजे काय, टिकली लावतात तिथेच. रुपयाएवढा गोल.

मेघा_नारोड
अहो, मग सगळा प्रश्नच बदलला! अजूनही टिकली लावतायत का?

सिडकोवाली
हो, पूर्वीपेक्षा मोठी. डाग झाकायला.

मेघा_नारोड
आज काढा. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी ते मारतं. माझ्या मावशीला टिकलीने झालं, तिच्या शेजारणीला रबरी चपलेच्या पट्ट्याखाली. टिकली बंद केल्यावर मावशीचा रंग कडेकडेने हळूहळू भरत आला, पण सगळ्यांचा येतोच असं नाही. स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड असलेल्यांत साधं कोडही जास्त दिसतं, त्यामुळे आपण इथे बसून ठरवू नये. ते पॅच टेस्ट करतील: पाठीवर पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात.

पंचवटीकर
आमच्या आज्या मेण लावून त्यावर कुंकू लावायच्या. कोणाला काही झालं नाही. रामकुंडाजवळून आणा कुंकू.

औषधवाला
हळद-चुन्याचं असेल तर वेगळी गोष्ट. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात आता रासायनिक रंग असतो, त्यानेही कपाळ काळवंडलेले पेशंट येतात. खाज येऊन गेलेल्या जागी सध्या काहीच नको.

पंचवटीकर
म्हणजे सवाशिणीने बोडक्या कपाळाने मिरवायचं?

गंगापूररोड_रहिवासी
कोणतं लॉन बुक केलंत? पार्किंगचं आधी बघा. आमच्याकडच्या लग्नात वऱ्हाड अर्धा किलोमीटर चालत आलं.

सिडकोवाली
लॉनचं राहू द्या हो! आई टिकली काढायला तयार नाही. म्हणते, लोक आधी कोड म्हणतील आणि मग नवरीकडचे मागे फिरतील.

मेघा_नारोड
कोड जरी असलं तरी ते स्पर्शाने पसरत नाही, हे काकूंना तुम्हीच सांगा, आमचं ऐकणार नाहीत. झाकायचंच तर डॉक्टरांना विचारून बिनवासाचं, घामात टिकणारं कॅमफ्लाज क्रीम घ्या. आज रात्री कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस वाट बघा, मगच कपाळाला. पांढऱ्या जागेला ऊन पटकन लागतं, म्हणून खाली सनस्क्रीन. झोपताना सगळं हलक्या हाताने उतरवा, घासायचं नाही.

सिडकोवाली
अपॉइंटमेंट शुक्रवारची मिळाली. पण हळदीला बायका कुंकू लावायला पुढे आल्या की काय करू? कपाळ मागे तर घेता येत नाही.

मेघा_नारोड
भांगात लावा म्हणावं. आणि कुंकवाचा करंडा स्वतःच्याच हातात धरा.

निफाडची_सून
माझे केस फार गळतात, बोअरच्या पाण्याने होतं का?