दुःखात देवाने धीर कसा दिला? तुमचा अनुभव लिहा

सर्वांना सलाम. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू आहे, म्हणून हा धागा. कुणावर संकट आलं की आपण ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे होतो. माझ्या वडिलांच्या आजारपणात ते इतक्यांदा ऐकलं की दार उघडायची धास्ती वाटायची. तेव्हा उपदेश नको, काय घडलं ते लिहा. सुरुवात मी करते.

बाबा नगरला शिक्षक होते. रविवारी उपासनेत पेटी वाजवत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तेच धरायचे. २०१६ साली घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. गाणाऱ्या माणसाचा आवाज गेला. पाटीवर लिहून बोलायचे. मी रोज संध्याकाळी उशाशी बसून बायबलमधलं २३वं स्तोत्र वाचायचे, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. चार-पाच दिवस झाले असतील, त्यांनी हाताने थांबवलं आणि पाटीवर आकडा लिहिला: २२.

ते स्तोत्र ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ इथून सुरू होतं. मला वाचवेना. वाटलं, बाबांचा विश्वास खचला. ते मात्र डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलत होते. संपल्यावर लिहिलं, ‘प्रभूनेही क्रुसावर हेच म्हटलं.’ उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवरची प्रवचनं लहानपणापासून ऐकत आले. हा चौथा उद्गार त्या खाटेपाशी कळला. जो स्वतः असा ओरडला, त्याच्यापाशी रडायला बाबांना संकोच नव्हता. मग क्रमच ठरला: आधी २२, नंतर २३. तेव्हा ध्यानात आलं, हिरव्या कुरणांपर्यंत स्तोत्रात देवाला ‘तो’ म्हटलंय, आणि मृत्यूच्या छायेच्या दरीत शिरताच ‘तू’: ‘तू माझ्याबरोबर आहेस’. बाबा आणखी वीस महिने होते. पेटी तेच वाजवायचे, गायचो आम्ही.

वसईची आजी
एप्रिल २०२१ मध्ये आमचे हे कोविडने गेले. चर्च बंद, मी आणि सून घरात अडकलेल्या. दफनाला धाकटा मुलगा आणि दोन माणसं, बस. गळ्यात पडून रडायला कुणी नाही. त्या रात्री आळीतल्या बायकांनी फोन लावला, सगळ्या एकाच कॉलवर. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना सुरू केली. मंगळवार होता, म्हणजे येशूच्या दुःखाची रहस्ये, त्याच्या दुःखातल्या प्रसंगांचं मनन. पहिलं रहस्य गेथशेमनी बागेतलं. येशूने मित्रांना जागं राहायला सांगितलं आणि ते झोपी गेले. माझ्या मैत्रिणी जाग्या राहिल्या. रोझरी संपली तरी कुणी फोन ठेवला नाही. मी रडत होते, पलीकडून नुसते श्वास ऐकू येत होते. पुढे महिनाभर रात्री नऊला फोन वाजायचाच.

केडगावकर
माझी मुलगी २४ वर्षांची होती. फार लिहवत नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण गमावली, मग भाऊ, नवरा, आणि १९२१ साली मुलगी मनोरमा. ५ एप्रिल १९२२ला त्या स्वतः गेल्या, पण तोवर बायबलच्या मराठी भाषांतराचं काम टाकलं नाही. इथल्या त्यांच्या मुक्तिमिशनचं आवार लहानपणापासून पाहतेय. लेक गेलेली आई म्हणून त्यांना आत्ता ओळखलं. मी मंडळीतल्या दोन मुलींना दहावीचं गणित शिकवते. तो एक तास बरा जातो.

मागचा बाक
मला धीर मिळालेला नाही. दोन वर्षांपूर्वी आमचं बाळ जन्मतःच गेलं. तेव्हापासून प्रार्थना येत नाही. बायको जाते म्हणून उपासनेला जातो, मागच्या बाकावर बसतो. इथे लिहावं की नाही, कळत नव्हतं.

धागाकर्ती
भाऊ, बरं केलंत लिहिलंत. ८८वं स्तोत्र पाहा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी बायबलमध्ये आहे. प्रार्थना येत नसेल तर आम्ही करू तुमच्या वतीने. बाळाचं नाव ठेवलं होतंत का? सांगावंसं वाटलं तर सांगा, आज घरच्या प्रार्थनेत घेऊ.

मागचा बाक
ठेवलं होतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.