मदत हवी आहे: लोकलमध्ये सुचलेली कथा घरी आली की मरते

मी हौशी कथालेखक. लिहिणं सगळं सकाळच्या डोंबिवली-सीएसएमटी स्लो लोकलमध्ये, मोबाइलवर, एका अंगठ्याने. सव्वा तास हाताशी असतो. बसायला मिळालं तर दीड-दोनशे शब्द होतात, नाहीतर घाटकोपरपर्यंत नुसते धक्के. संवाद झरझर सुचतात (अर्धे शेजारच्यांचेच असतात, खोटं कशाला बोलू). पण रविवारी ते वहीत उतरवायला बसलो की सगळं मिळमिळीत वाटतं. खोडतो, परत लिहितो, दोन चहा होतात, कथा तिथेच. अशा सात अर्धवट पडल्यात आणि एक तरी दिवाळी अंकाला पाठवायचीच आहे.

पहिला खर्डा संपेपर्यंत तुम्ही मागचं वाचतच नाही का? की आधीचं पान दुरुस्त करूनच पुढे जाता? आणि वहीचा हट्ट सोडू का?