दुसरे अपील दीड पानाच्या आदेशाने फेटाळता येते का?

कलमबाग, देवगड
आमच्या हापूसच्या बागेतून शेजाऱ्यांना खाडीकडे जाण्याचा हक्क आहे की नाही, असा वाद आहे. दिवाणी न्यायालयाने २० वर्षांची उघड वहिवाट सिद्ध धरून निकाल त्यांच्या बाजूने दिला, जिल्हा न्यायालयाने तो कायम केला आणि उच्च न्यायालयात आमचे दुसरे अपील पहिल्याच सुनावणीत दीड पानाच्या आदेशाने फेटाळले गेले. कोर्ट कमिशनरच्या (न्यायालयाने जागेच्या पाहणीसाठी नेमलेल्या व्यक्तीच्या) नकाशात ती वाट आमच्या गडग्यापाशीच संपते. आदेशात त्या नकाशाचा उल्लेखसुद्धा नाही. असे चालते का?

जुना शिरस्तेदार, रत्नागिरी
चालते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० नुसार, १९७६ च्या दुरुस्तीपासून, कायद्याचा सारभूत प्रश्न (म्हणजे निकालावर परिणाम करणारा, खरोखर वादाचा कायदेशीर मुद्दा) असेल तरच दुसरे अपील दाखल करून घेतात. वाट होती की नव्हती ही वस्तुस्थिती झाली, आणि तिच्यावर खालच्या दोन्ही न्यायालयांचे एकमत असल्यास उच्च न्यायालय सहसा पुरावा पुन्हा चाळत नाही. नकाशाची चर्चा शोधायची ती जिल्हा न्यायालयाच्या निकालपत्रात, कारण त्याच संहितेतील आदेश ४१, नियम ३१ प्रमाणे मुद्दे आणि कारणे तिथे लिहावी लागतात. (लोक उच्च न्यायालयाचा कागद जपून ठेवतात आणि जिल्ह्याचे निकालपत्र पावसाळ्यात वाळवीला देतात.)

नारळीपोफळी, मालवण
एक भर घालतो. आदेश आखूड असणे हा दोष नव्हे, त्यात कारण नसणे हा दोष आहे. हसमत अली विरुद्ध अमिना बीबी या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, दुसरे अपील सुरुवातीलाच फेटाळतानाही कारणे दिली पाहिजेत, असे सांगितले आहे. तेव्हा सारभूत प्रश्न का उद्भवत नाही, याच्या चार ओळी तुमच्या आदेशात आहेत का, ते पाहा. जिल्हा न्यायालयाने नकाशाकडे पाहिलेच नसेल तर मुद्दा कायद्याचा होऊ शकतो. पाहून नाकारला असेल तर अवघड आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागायची, तर त्या विशेष अनुमती याचिकेला ९० दिवसांची मुदत असते. तीही एका ओळीत फेटाळली जाऊ शकते, मात्र कुन्हयम्मद प्रकरणातील २००० च्या निकालानुसार, तशा कारणाविना नकाराचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने खालचा निर्णय योग्य ठरवला असा होत नाही.

कलमबाग, देवगड
जिल्ह्याचे निकालपत्र काढून वाचले. नकाशावर पूर्ण एक परिच्छेद आहे: पाहणी श्रावणात झाली, गडग्यापलीकडे कमरेएवढे गवत होते, आणि पुढे वाट नाही असे कमिशनरने उलटतपासणीत ठामपणे सांगितले नाही. आमच्या वकिलांनी हे कधी सांगितले नव्हते, की आम्हीच नीट ऐकले नव्हते, कोण जाणे.