विमान ‘उतरतंय’ की ‘उतरलं’?

पेठकर: दिवाळी अंकासाठी छोट्या विमानांवर लेख लिहितोय. डिसेंट (हवेतच खाली येत राहणं) आणि लँडिंग (जमिनीवर टेकणं), दोन्हींना ‘उतरणे’ लिहिलं म्हणून संपादकीणबाईंनी कान धरलाय. डिसेंटला ‘अवरोहण’ चालेल का? शिवाय अल्टिट्यूड (विमानाची समुद्रसपाटीपासूनची), हाइट (जमिनीपासूनची) आणि एलिव्हेशन (जागेची समुद्रसपाटीपासूनची) या तिन्हींना मी ‘उंची’च लिहिलंय.

सदाफुली: अवरोहण नको हो, लगेच तानपुरा आठवतो. ‘उंची कमी करणे’ म्हणा. वैमानिक अजून हवेत आहे हे त्यात आपोआप येतं. ‘उतरणे’ जमिनीसाठी राखून ठेवा.

हवाईदार: ‘उंची कमी करणे’ला माझंही मत. पण उंचीचा घोळ जास्त महागात पडेल. पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उभ्या विमानात क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरून काढलेला तिथला हवेचा दाब) लावलेला अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारा काटा, शून्य दाखवत नाही, 1,940 फुटांच्या आसपास दाखवतो. कारण तो समुद्रसपाटीपासून मोजतो. तुमच्या लेखातला वैमानिक ‘4,000 फूट उंचीवर’ निवांत सिंहगडाकडे निघाला, तर काय होईल? गडाचा माथाच 4,300 फुटांच्या घरात आहे! म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘समुद्रसपाटीपासून’ की ‘जमिनीपासून’ ते लिहाच. वाक्य लांबलं तर लांबू दे.

आणखी एक. हवेचा दाब बदलला आणि अल्टिमीटर नव्याने लावला नाही, तर एका हेक्टोपास्कलमागे (दाबाचं एकक) साधारण 30 फुटांची चूक. जास्त दाबाच्या भागातून कमी दाबाकडे गेलात, की काटा खरी उंची फुगवून सांगतो. उतरताना नेमकं तेच नको असतं.

तुंगप्रेमी: शुद्ध शब्द हवा असेल तर ‘तुंगता’ आहे. पवनेकाठचा तुंग किल्ला ज्याने पाहिलाय त्याला समजावायला नको.

सदाफुली: ज्याने पाहिला नाही त्याने लेख मिटवायचा का?

पेठकर: 😀 बरं, ‘विमानाने नाक खाली केलं आणि ते झपाट्याने उतरू लागलं’ हे वाक्य ठीक आहे ना?

हवाईदार: मराठी उत्तम, उड्डाण वाईट. नुसतं नाक दाबलं तर वेग वाढतो, घाटात न्यूट्रलवर सोडलेल्या गाडीसारखा. आधी पॉवर कमी करायची, मग नाक हवं तेवढंच खाली. आणि ‘झपाट्याने’ काढा. साधा हिशेब असा: तीन अंशांच्या उतारावर एका नॉटिकल मैलाला (1.85 किलोमीटर) सुमारे 300 फूट सोडायचे. म्हणजे 3,000 फूट कमी करायचे तर दहा नॉटिकल मैल आधीच सुरुवात हवी. जमिनीवरचा वेग 90 नॉट (तासाला 90 नॉटिकल मैल) असेल तर त्याला पाचाने गुणा, मिनिटाला 450 फूट. कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर पॉवर कमी करताना कार्ब हीटचाही (कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याचा) उल्लेख करा. दमट हवेत थंडी नसतानाही आत बर्फ धरतो.

सदाफुली: मिनिटाला 450 हे कानांनाही बरं. सर्दी असेल तर चढताना फारसं कळत नाही, उतरताना दडे बसतात. ‘दडे’च लिहा हं, ‘कर्णदाब’ वगैरे नको.

तुंगप्रेमी: हडपसरचं ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) मग सुटल्यापासून ‘उतरतच’ असतं म्हणायचं?

हवाईदार: हो, आजूबाजूच्या हवेच्या मानाने सतत. तापलेली हवा त्यापेक्षा जोरात वर चढत असेल तर ग्लायडरही वर जातं. उतरायच्या वेळी पंखावरचे एअरब्रेक (हवेला अडवणाऱ्या पट्ट्या) उघडायचे, की वेग फार न वाढता उंची सुटते.

पेठकर: शेवटचं. गो-अराउंडला (उतरता उतरता बेत सोडून पुन्हा वर जाण्याला) ‘विमान पुन्हा आकाशात झेपावलं’ लिहू?

हवाईदार: पेपरात तसंच छापतात, पण शिकाऊ वैमानिकाच्या लेखात मी नाही लिहिणार. पूर्ण फ्लॅप (उतरताना पंखांमागून खाली काढलेल्या झडपा), कमी वेग आणि त्यात झेप घ्यायला गेलात तर विमान स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचलच जाईल. आधी पूर्ण पॉवर, नाक सावरून वेग धरायचा, मग फ्लॅप टप्प्याटप्प्याने आत. ‘उतरणं सोडून पुन्हा फेरी मारली’ असं लिहा.