मुलाखतीला दाढी : राखायची की उतरवायची?

झुपकेदार
शेजारच्या ‘पहिली नोकरी’ धाग्यावर एका सद्गृहस्थांनी लिहिलंय, “दाढीवाला उमेदवार अर्धी लढाई दारातच हरतो. ज्याला स्वतःचा चेहरा सांभाळता येत नाही, तो प्रोजेक्ट काय सांभाळणार?” तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, दाढी राखायला ती रोज घोटण्यापेक्षा जास्त निगा लागते. कडा कोरा, मान साफ करा, दोन्ही गाल सारखे आहेत का बघा. गबाळेपणा वेगळा, दाढी वेगळी. आणि ‘प्रोफेशनल चेहरा’ म्हणजे कुठल्या सालचा? ब्रिटिश सैन्यात १९१६ पर्यंत वरचा ओठ भादरायला मनाई होती, म्हणजे मिशी नसणं ही बेशिस्त! दाढीला मात्र काही अपवाद सोडता बंदी, ती थेट मार्च २०२४ मध्ये उठली. वॉल्ट डिस्ने स्वतः मिशीवाला, पण त्याच्या पार्कातल्या कर्मचाऱ्यांना मिशीची परवानगी मिळाली २००० साली आणि दाढीची २०१२ मध्ये. लिंकनला तर १८६० साली अकरा वर्षांच्या मुलीने पत्र लिहून कळवलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी वाढवा, मतं मिळतील. त्याने वाढवली.

एचआर_निवृत्त
लिंकनचं अर्धंच सांगितलंत. निवडणूक जिंकला तेव्हा गाल साफ होते. दाढी वाढली ती निकालानंतर, मार्च १८६१ मध्ये शपथ घ्यायला उभा राहिला तो दाढीनिशी. माझा सल्ला हाच आहे. आधी ऑफर लेटर, मग काय ते जंगल वाढवा.

मी उभी हयात मुलाखती घेण्यात घालवली. दाढीचा नियम कागदावर कुठेच नसायचा. पण उमेदवार बाहेर पडला की पॅनलमधला एक तरी म्हणायचाच, “क्लायंटसमोर कसा दिसेल?” हे योग्य आहे असं मी म्हणत नाहीये. असं होतं, एवढंच सांगतोय.

ठिणगी
“मी म्हणत नाहीये, असं होतं” हे एचआरवाल्यांना ट्रेनिंगमध्ये घोटून घेतात का? एका मुलाखतीत साहेबांनी आधी माझ्या पांढऱ्या केसांची चौकशी केली, शिक्षणाची नंतर. स्वतः खुरटी दाढी खाजवत बसले होते. तुमचं काय, हवी तर ठेवा, नको तर काढा. तेवढ्यावर इथे आता शंभर प्रतिसाद पडणार.

झुपकेदार
ताई, विषय दाढीचा आहे.

ठिणगी
आणि मला दाढी नाही, म्हणून मी गप्प बसायचं. कळलं.

कुरळ्या
“नको तर काढा” इतकं सोपं नसतं हो. माझे केस कुरळे. वस्तरा फिरवला की कापलेलं टोक वळून परत कातडीत घुसतं, गाठी येतात, त्या पिकतात. डॉक्टर याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात, आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत हा त्रास खूप. एकदा मुलाखतीला घोटून गेलो तर कॉलरवर रक्ताचे ठिपके. पुढच्या वेळी ट्रिमरने बारीक केलेली ठेवली, तर विचारलं, “ही कायमची का?” मी म्हटलं, “सर, नोकरी कायमची आहे का?” नाही मिळाली. यूपीएस या अमेरिकी कुरिअर कंपनीने २०२० मध्ये दाढीबंदी उठवली. पार्सलं पोचतायत अजून.

सेफ्टीवाला
सगळे दिसण्यावर बोलताय. आमच्या प्लांटमध्ये तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावावा लागतो. मास्कची कड जिथे कातडीला टेकते तिथे एका दिवसाची खुंटं असली तरी हवा बाजूने आत येते. अमेरिकेत ओशाच्या, म्हणजे कामाच्या जागची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमात ते सरळ लिहिलंय, कडेखाली केस नकोत. यात कसला अनादर अन् कसली आवड?

झुपकेदार
आलं मास्कचं पालुपद! किती लोक मास्क लावून एक्सेल शीट भरतात?

सेफ्टीवाला
“किती लोक” हे वायू विचारत नाही. आमच्याकडे एकजण ‘नुसती हनुवटीवरची आहे’ म्हणून अडून बसला होता. फिट टेस्टला, म्हणजे मास्क घट्ट बसतो का ते तपासताना, बाहेरून कडू फवारा मारला, पहिल्याच श्वासात तोंड वाकडं झालं. संध्याकाळी गुळगुळीत होऊन आला.

कुरळ्या
आणि मिशी?

सेफ्टीवाला
मास्कच्या आत मावली तर चालते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये चित्रांचा तक्ताच काढला होता, कुठली मिशी आत राहते, कुठली दाढी कडेला अडते. ओठाखालचा केसांचा ठिपका चालतो, पूर्ण दाढी नाही.

गोंधळलेला
सोमवारी माझी मुलाखत आहे. अकाउंट्स. काढू का?

झुपकेदार
अकाउंट्समध्ये क्लोरीन असेल तर काढ.

सेफ्टीवाला
चेष्टा सोपी असते साहेब. वायुगळतीच्या दिवशी ऑफिसातून पळणाऱ्याला हातात मास्क देणारे आम्हीच असतो.

कुरळ्या
मग सैल हूड द्या की! पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारे. त्याला कड चिकटावी लागत नाही, दाढी चालते. माझ्यासारख्याला डॉक्टरचं पत्र आणूनही “घोटून या” सांगणारे सेफ्टीवाले मी पाहिलेत. त्यांना हूड माहीत नसतात असं नाही, मागवायचा कंटाळा असतो.

सेफ्टीवाला
हूड आहेत, मान्य. सगळ्या कामांना चालत नाहीत आणि बॅटरी उतरली की मला हाका मारू नका.

एचआर_निवृत्त
गोंधळलेला, कडा नीट कोरून जा, पूर्ण काढू नकोस. आयत्या वेळी घोटलेला गाल दोन रंगांचा दिसतो, पॅनल तेच बघत बसतं.

झुपकेदार
अरे वा! एचआर चक्क “काढू नकोस” म्हणाले. स्क्रीनशॉट घेतलाय.

एचआर_निवृत्त
त्याच्याकडे दोनच दिवस आहेत म्हणून म्हणालो. महिना असता तर उतरवच म्हणालो असतो.

ठिणगी
पांढऱ्या केसांसाठी काही सल्ला, की त्याला वेगळा धागा?