इस्तंबूलचा गलाता मेवलेवी मठ बघितलाय का कोणी?

ऐरोलीकर:
आईबाबांना घेऊन इस्तंबूलला चाललोय. टूरवाल्याने एका संध्याकाळी दरवेशांचा, म्हणजे गिरक्या घेणाऱ्या सूफी फकिरांचा, शो घातलाय, वर त्याचे पैसे वेगळे. आई भजनी मंडळातली, तिला खरं काहीतरी बघायचंय, आपण जेवतोय आणि बाजूला कोणीतरी गिरक्या घेतोय असलं नको. मेवलेवी म्हणजे या दरवेशांचाच पंथ ना, त्यांचा गलाताचा मठ चालू आहे का अजून? बाबांचे गुडघे जेमतेम.

घोडबंदरवाली:
शो सोडा, मठात जा. म्हणजे मठ म्हणून चालू नाहीये, 1925 साली तुर्कस्तानात कायदा करून सगळे सूफी मठ बंद केले, तिथे 1975 पासून म्युझियम आहे. स्थापना 1491 ची, शहरातला मेवलेवींचा सगळ्यात जुना. आत लाकडी आठकोनी हॉल, तोच बघण्यासारखा. बाबांना चढावर चालवू नका, काराकॉयहून ट्यूनेल पकडा, 1875 सालची भुयारी रेल्वे, एकच स्टॉप, वर उतरलात की मठ जवळच. उतारावरच्या गल्लीत वाद्यांची दुकानं आहेत, तिथे पाकीट सांभाळा 😄

बेलापूर_लोकल:
गिरक्यांना नावं ठेवू नका हो 🙂 शिकाऊ माणसाला आधी 1001 दिवस मठात राबायचं, तेही मुख्यतः स्वयंपाकघरात. सराव एका लाकडी फळीवर, मधे खिळा, तो डाव्या पायाच्या अंगठा आणि बोटात धरायचा, मीठ टाकायचं आणि त्याच्याभोवती फिरायचं. आपली फुगडी दोन मिनिटांत दम काढते! उंच टोपी म्हणजे थडग्यावरचा दगड, पांढरा घेर म्हणजे कफन, वरचा काळा झगा म्हणजे थडगं, तो उतरवूनच फिरायला लागतात. उजवा तळहात वर, डावा खाली, वरून घ्यायचं आणि खाली वाटायचं. मठाच्या कबरस्तानात दगडांवर त्याच टोप्या कोरल्यात, आईंना दाखवा.

ऐरोलीकर:
भारी. मग सेमा, म्हणजे तो गिरक्यांचा विधी, बघायचाच नाही का?

घोडबंदरवाली:
बघा की, त्याच हॉलमध्ये होतो कधीकधी, तारखा निघायच्या आधी बघून ठेवा. टाळ्या वाजवायच्या नसतात हे आईंना आधीच सांगा, भजनाची सवय आहे त्यांना.

कोपरी_पूर्व:
डिसेंबरात जात असाल तर कोन्या शहरच करा, रूमींची कबर तिथे आहे. मेवलेवी ज्यांना मानतात ते सूफी कवी रूमी 17 डिसेंबर 1273 ला वारले, त्या सुमारास तिथे मोठा सोहळा असतो. फास्ट ट्रेन आहे इस्तंबूलहून, पाचेक तास लागतात. पण हॉटेल आत्ताच बुक करा, आणि स्वेटर नाही, जाड जॅकेट न्या, ठाण्याची थंडी धरून बॅग भरू नका.