मालदीवला शिक्षिकेची नोकरी लागतेय, बेटावर राहायचंय, जाण्याआधी काय काय बघू? (सल्ला हवा)

इंदिरानगर_गणितवाली
नमस्कार मंडळी. बीएस्सी बीएड, गणित. नाशकातच एका इंग्लिश मिडीयमला शिकवते, पगार विचारू नका. आता एका एजंटमार्फत मालदीवच्या शाळेची ऑफर आलीये, बेटाचं नाव गान, पगार रुफियात, आकडा रुपयात करून बघितला तर इथल्यापेक्षा बराच जास्त. आईचा जीव टांगणीला लागलाय, आणि बाबा रोज रात्री गुगल मॅपवर झूम करून म्हणतात दोन्हीकडून समुद्र आणि मधे एक रस्ता, एवढंच दिसतंय. एकटीनं राहणं, जेवण, पैसे घरी पाठवणं याबद्दल कोणी स्वतः राहिलेलं असेल तर सांगा प्लीज. यूट्यूबवर सगळे रिसॉर्टच दाखवतात.

नाशिकरोडचा_मास्तर
मी होतो तिकडे, उत्तरेकडच्या अ‍ॅटॉलमधे (म्हणजे प्रवाळबेटांच्या एका समूहात), फिजिक्स शिकवायला. पहिलं सांगतो, पगार बाजूला ठेव आणि बेट नक्की कुठलं ते विचार. गान दोन आहेत गं! एक लामू अ‍ॅटॉलमधे आणि एक खाली पार दक्षिणेला अड्डूत. हिथधूचंही तसंच, लामूत एक, अड्डूत एक. म्हणून तिकडची माणसं बेटाच्या नावाआधी अ‍ॅटॉलचं अक्षर लावतात, ते अक्षर ऑफर लेटरमधे नसेल तर लेटर परत पाठव.

फरक काय पडतो? लामूचं गान असेल तर तू सुखात आहेस. मोठं बेट आहे, काद्दूचं विमानतळ आणि शेजारचं फोनाधू बेट रस्त्यानं जोडलेलं आहे, गानलाच हॉस्पिटल आहे, राजधानी मालेहून विमानानं पाऊण-एक तास. पण त्याच लामूतलं मावासारखं सुटं बेट असेल तर प्रत्येक वेळी बोट. आणि मे ते नोव्हेंबर नैऋत्य मोसमी वारे असतात, समुद्र खवळला की बोट रद्द, मग दुकानात कांदे-बटाटे सोडून भाजीच्या नावानं शंख. मी एकदा आठवडाभर डबाबंद चवळी आणि भात खाल्लाय, तेव्हापासून बायकोनं चवळी केली की मी बाहेर जेवतो.

आता पैसे. अधिकृत दर डॉलरला १५.४२ रुफिया आहे आणि सगळे ह्याच दरानं हिशोब करून खूष होतात. पण तिथं डॉलरची टंचाई असते, बँकेत हवे तेवढे मिळत नाहीत, बाहेर भाव चढा. महिन्याला घरी किती पाठवता येईल त्यावर मर्यादा असते आणि ती बदलत राहते, कमी झाली की लोकांची पंचाईत होते. रुफिया मुंबईला आणून काही उपयोग नाही, इथं कोणी घेत नाही. तेव्हा तिथं आत्ता शिकवत असलेल्या भारतीय शिक्षकाला गाठून विचार की या महिन्यात किती गेले. केरळचे लोक खूप आहेत, फेसबुकवर लगेच सापडतील. आणि ह्या पगाराच्या भरवशावर इथं फ्लॅटचा हप्ता चालू करू नकोस.

सातपूर_सुनील
एजंट किती मागतोय?

इंदिरानगर_गणितवाली
दीड लाख. अर्धे आधी. टुरिस्ट म्हणून जा, पोचल्यावर वर्क परमिट करून देतो म्हणतोय.

सातपूर_सुनील
पळ तिथून. ताई, भारतीयांना तिथं उतरल्यावर फुकट टुरिस्ट व्हिसा मिळतो म्हणून हे लोक असं करतात. नोकरीसाठी जायचं तर एम्प्लॉयमेंट अप्रूव्हल, म्हणजे तिथल्या सरकारची नोकरीची मंजुरी, आधी हातात पाहिजे. परराष्ट्र मंत्रालयाची ई-मायग्रेट साइट आहे, तिथं एजंटचा लायसन्स नंबर टाकून बघ, नोंदणी असलेल्यालासुद्धा ३० हजार अधिक जीएसटी याच्यावर घेता येत नाही. माझ्या चुलत भावाला कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसनं असंच घोळात घेतलं होतं, पैसे अजून अडकलेत. शाळांच्या जागांच्या जाहिराती थेटही निघतात, त्याला मधला माणूस कशाला.

पंचवटीची_सूनबाई
मी अड्डूत होते लग्नाआधी, प्रायमरीला. मास्तरांनी पैशाचं सांगितलं, मी घरातलं सांगते.

अगं पहिलं म्हणजे देवाचं. आई टाक देईल, छोटी अन्नपूर्णा देईल, बॅगेत घालू नकोस. पूजेच्या मूर्ती न्यायला तिथं बंदी आहे, विमानतळावर बॅगा स्कॅन होतात आणि काढून घेतात. माझ्या सासूबाईंना हे आजही पटत नाही, पण त्यांचा देश, त्यांचा कायदा. दारू आणि डुकराचं मांसही नाही. रमजानमधे दिवसा चारचौघांत खायचं-प्यायचं नाही, डबा घरात. आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी शाळा! घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, त्यामुळे घरी फोन करायला काही अडचण नाही.

पाणी. अंघोळीला बऱ्याच बेटांवर विहिरीचं पाणी असतं, मचूळ, कधी वास येतो. प्यायला पावसाचं साठवलेलं नाहीतर मशीननं गोडं केलेलं. केस गळतात, रडू नकोस, मी शेवटी एक बादली पावसाच्या पाण्याची बाजूला ठेवायचे फक्त केसांसाठी. खारी हवा सगळं खाते, कुकरची शिट्टी, छत्रीच्या काड्या, लॅपटॉपचे स्क्रू. स्टीलचाच कुकर ने, जास्तीची रिंग ने. प्लग इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा लागतो बऱ्याच ठिकाणी, दोन अ‍ॅडॉप्टर घे.

जेवणात टूना, टूना आणि टूना. सकाळी मास हुनी म्हणजे टूना, खोबरं, कांदा, मिरची आणि त्याबरोबर रोशी, म्हणजे त्यांची पातळ चपाती. चांगलं लागतं खरं, लिंबू पिळलेलं असतं. पण संध्याकाळच्या समोशातही मासा निघतो, शाकाहारी बाईनं विचारल्याशिवाय काही तोंडात टाकू नये. त्यांची गिथेयो मिरची आपल्या लवंगीला भारी आहे, सांभाळून. शेवग्याचा पाला मिळतो, पपई, नारळ, कच्चं फणसासारखं बंबुकेयो मिळतं. गोडा मसाला, डाळी, पोहे, मेथीदाणे, गूळ घेऊन जा. कोथिंबीर कुंडीत लाव.

कपडे पूर्ण बाह्यांचे कुर्ते, सुती. बीचवर पोहायचं तर तेही कपड्यानिशी, बिकिनी फक्त टुरिस्टांच्या बीचवर. एकट्या बाईला भीती वाटावी असं मला तरी कधी वाटलं नाही, उलट बेटावर सगळ्यांना सगळं माहिती असतं, मला सर्दी झाली तर दुसऱ्या दिवशी मुलांच्या आया विचारायच्या. जाच तोच आहे म्हणा. संध्याकाळी काही करायला नसतं, पहिले दोन-तीन महिने फार अंगावर येतात. संध्याकाळी बायका बंदराजवळ जाळीच्या झोपाळ्यांवर बसतात, तिथं जाऊन बस, भाषा येऊ दे नाही तर नको येऊ दे.

गंगापूररोड_काका
एवढी धडपड करण्यापेक्षा इथंच क्लासेस काढा की. गणिताला नाशकात मरण नाही.

इंदिरानगर_गणितवाली
काका, क्लासेसची जाहिरात करायला गेलं तर प्रत्येक खांबावर आधीच चार पोस्टर असतात 😀

लासलगाव_रिटर्न
कांद्याची काळजी करू नका ताई, तिथं आपलाच येतो. २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी झाली, इकडे लिलाव बंद पडले, आम्ही रस्त्यावर आणि नंतर वाचलं तर मालदीवला २०२४-२५ साठी ३५ हजार टनांहून जास्त कांद्याचा वेगळा कोटा दिलाय. चांगलंच आहे, पण तेव्हा डोकं फिरलं होतं. खाताना आमची आठवण काढा.

नाशिकरोडचा_मास्तर
😂 बरं, शिकवण्याबद्दल कोणी बोललंच नाही. वरचे वर्ग आयजीसीएसईचे असतात, केंब्रिजचा सिलॅबस, जुने पेपर आत्तापासून सोडवायला घे. वर्ग छोटे, पोरं प्रेमळ, पण लहान बेटांवर इंग्लिश कच्चं, शाब्दिक उदाहरण दिलं की बघत बसतात. मी गणित बोटीवर न्यायचो, डिझेल किती, टूना किती किलो, बंदराला पोचायला किती वेळ, लगेच हात वर.

करारात घरभाडं, वर्षाचं तिकीट, मेडिकल इन्शुरन्स आणि नोटीस पिरियड हे लिहून घे. पासपोर्ट कोणाच्या ताब्यात द्यायचा नाही, झेरॉक्स दे.

इंदिरानगर_गणितवाली
अपडेट. एजंटला अ‍ॅटॉलचं अक्षर विचारलं तर म्हणाला मॅडम बेट बेटच असतं. नाही म्हणून कळवलं. एका मल्याळी टीचरशी बोलणं झालं, ती लामूच्या गानमधेच आहे, तिच्या शाळेत गणिताची जागा निघणार आहे म्हणे, थेट अर्ज करते. डिग्रीच्या अटेस्टेशनला मुंबईला जावं लागेल का, आणि पोलिस क्लिअरन्स आत्ताच काढू का?

सातपूर_सुनील
अटेस्टेशनला वेळ लागतो, ते आधी सुरू कर, युनिव्हर्सिटीचं व्हेरिफिकेशन राहिलं की सगळं अडतं. पोलिस क्लिअरन्स ऑफर हातात आल्यावर काढ, जुना झाला तर परत काढायला लावतात. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर मात्र तो आजच बदलायला टाक.

पंचवटीची_सूनबाई
आणि दाढ दुखत असेल तर जायच्या आधी दाखवून घे. बेटावरच्या दवाखान्यात दातांचं मिळेलच असं नाही, बोटीनं जायचं म्हणजे एक दिवस गेला.